वारुळाचा आकार नको, रीत घ्या

निसर्गाकडून शिकलेल्या वास्तुरचनेचा विषय निघाला की हरारेच्या ईस्टगेट सेंटरचे नाव येतेच. झिम्बाब्वेच्या राजधानीतली ही दुकानांची आणि कार्यालयांची इमारत १९९६ मध्ये पूर्ण झाली. वास्तुरचनाकार मिक पिअर्स यांना ती वाळवीच्या वारुळावरून सुचली.

इथे मध्यवर्ती एसी यंत्रणा नाही. रात्री पंखे बाहेरची गार हवा मजल्यांखालच्या पोकळ्यांतून खेळवतात आणि काँक्रीट थंड होते. दिवसा माणसांची आणि यंत्रांची उष्णता तेच काँक्रीट शोषून घेते. तापलेली हवा वर चढून छतावरच्या धुराड्यांतून निघून जाते. खिडक्या लहान आणि सावलीत आहेत. एसी यंत्रणा बसवण्याचा मोठा खर्च तर वाचलाच, शिवाय विजेची बचत दररोज होते.

मात्र वारूळ म्हणजे वाळवीचा नैसर्गिक एसी, हा समज पुढे टिकला नाही. संशोधक स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर यांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की घरट्याचे तापमान आजूबाजूच्या जमिनीप्रमाणे ऋतूनुसार बदलते. वारुळाचे खरे काम श्वासोच्छ्वासाचे आहे. पुढे २०१५ मध्ये बेंगळुरूतल्या वारुळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसा वारुळाचा बाहेरचा भाग आतल्या गाभ्यापेक्षा लवकर तापतो, रात्री लवकर निवतो. या फरकामुळे आतली हवा दिवसा एका दिशेने फिरते, रात्री उलट, आणि साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

मग ईस्टगेट यशस्वी कसे झाले? हरारे सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. तिथल्या रात्री गार असतात आणि पिअर्स यांनी तो गारवा कामाला लावला. दिवस-रात्रीतला फरक वापरून हवा फिरवायची, ही वारुळाची रीत त्या इमारतीत खरोखरच आहे.

आपल्या दृष्टीने कळीचा मुद्दा हाच. पुण्यात एप्रिलमध्ये दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात पंधरा अंशांहून अधिक अंतर पडते. दख्खनच्या पठारावर उन्हाळ्याचे बरेच दिवस ही संधी फुकट मिळते. तरीही इथे पश्चिमेच्या उन्हात काचेच्या भिंती उभ्या राहतात आणि मग ती उष्णता उपसायला दिवसभर एसी चालवावा लागतो. हा सरळसरळ अपव्यय आहे. मुंबईत आणि कोकणात मात्र हरारेची नक्कल चालणार नाही. तिथल्या दमट रात्री काँक्रीट पुरेसे निवत नाही. तिथे आरपार वारा, खोल सावली आणि पावसापासून जपलेल्या खिडक्या हव्यात.

वारुळासारखा घुमट बांधला म्हणून इमारत पर्यावरणस्नेही होत नाही. नवे घर किंवा कार्यालय घेताना बिल्डरला दोन प्रश्न जरूर विचारा: रात्रीची गार हवा आत कुठून येणार? पश्चिमेच्या भिंतीवर सावली कशाची? बांधकामाचा नकाशा मंजूर करताना महापालिकांनीही हेच विचारावे, आणि उत्तर नसेल तर नकाशा परत पाठवावा.