रक्ताचा डौल आणि वतनाची भूक

प्रतापगडच्या लढाईचा दिवस जवळ आला कीं आमच्या गांवोगांवीं एक जुना रोग उठतो. अमकें आडनांव इमानी, तमकें आडनांव फितूर, अशी वांटणी पारावर बसून होऊं लागते. सोयरिकीचें बोलणें चाललें असतां "यांचे वाडवडील खानाकडे होते" म्हणून नाक मुरडणारे शहाणेहि आम्हीं पाहिले आहेत. या शहाण्यांस आमचा एकच सवाल आहे. बाबांनो, १६५९ सालीं कोणतें थोर घराणें सबंध एका बाजूस होतें, तें आम्हांस दाखवा!

महाबळेश्वराहून घाट उतरून जावळीच्या रानांत या आणि मोऱ्यांपासूनच मोजणी धरा. चंद्रराव हा या घराचा पिढीजात किताब. १६५६ सालीं शिवाजी महाराजांनीं जावळी घेतली, चंद्रराव मारला गेला आणि त्याच घरचा प्रतापराव विजापुरास पळाला. तीन वर्षांनीं अफजलखान वाईस येऊन उतरला, तेव्हां हाच प्रतापराव त्याच्या सोबतीस होता. त्यास खुशाल फितूर म्हणा. पण ज्याचें घर गेलें तो परत येणार तो दुसऱ्याच्या फौजेबरोबरच, एवढें तरी ध्यानांत असूं द्या.

जावळीच्या उत्तरेस, भोरकडे, रोहिडखोरें. विजापूरचें फर्मान तेथल्या देशमुखांस आलें कीं, खानास सामील व्हा. कारीचे कान्होजी जेधे आपले पांच मुलगे घेऊन महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडून मोकळे झाले. त्याच खोऱ्यांतले उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. गोष्ट येथेंच थांबवून जेधे चांगले व खोपडे वाईट असा निकाल देणाऱ्यांनीं पुढचेंहि वाचावें. कान्होजींचा बाप मारला तो कोणा परक्यानें नव्हे. भाऊबंदकींत त्याच्या भावांनींच मारला. आतां सांगा, जेध्यांचें रक्त इमानी म्हणावें तर तें कोणत्या जेध्याचें? आणि लढाई सरल्यावर खंडोजीसाठीं महाराजांपुढें रदबदली कोणीं केली? याच कान्होजींनीं! जीव वांचला, उजवा हात व डावा पाय गेला. ज्यानें सर्वस्व पणास लावलें होतें, त्यानें शेजाऱ्याचा जीव मागून घेतला, आणि आम्ही साडेतीनशें वर्षांनंतर त्या शेजाऱ्याच्या आडनांवाचा हिशेब मागत बसलों आहोंत!

खुद्द भोसल्यांचें घर तरी पहा. खानाच्या फौजेंत मंबाजी भोसले होते. ते महाराजांचे भाऊबंदच. फलटणच्या निंबाळकरांची सई भोसल्यांच्या घरीं आली आणि महाराजांची सखूबाई निंबाळकरांच्या महादजीस दिली. एवढी दुहेरी सोयरीक. पण सईबाईंचे बंधु बाजाजी आदिलशहाचे चाकर. खानानें जातां जातां त्यांनाहि धरलें, आणि मेहुण्याच्या सुटकेसाठीं महाराजांस खटपट करावी लागली. ५ सप्टेंबर १६५९ रोजीं सईबाई राजगडावर वारल्या. पदरीं दोन वर्षांचा संभाजी. जेमतेम दोन महिन्यांनीं, १० नोव्हेंबरास, महाराज खानाच्या भेटीस गडाखालीं उतरले. त्या काळजांत काय असेल, तें बखरकारांस कोठून कळणार? संभाजीस दूध पाजलें तें कापूरहोळच्या धाराऊ गाडे हिनें. ती पाटलाच्या घरची कुणबाऊ बाई.

ही घरें रक्तानें दुभंगलीं नाहींत, धर्मानेंहि नाहींत. महाराजांनीं भेटीस नेलेल्या दहा जणांत सिद्दी इब्राहीम होता आणि खानाकडे मराठे सरदार होते. घरें दुभंगलीं वतनानें. कोणाकडे गेलें असतां देशमुखी टिकेल, भावाचा वांटा आपल्याकडे येईल, हा ज्याचा त्याचा हिशेब. ज्यांस वतनाची धास्तीच नव्हती, त्यांच्यापुढें हा पेंच नव्हता. कोंडिवलीचा जिवा महाला न्हाव्याचा मुलगा. सय्यद बंडाची तलवार महाराजांवर आली तेव्हां त्यानें कोणता सातबारा पाहिला होता? आणि ज्या मावळ्यांनीं जावळीचें रान अडवून धरलें त्यांतल्या बहुतेकांचीं नांवेंहि कोणीं लिहून ठेवलीं नाहींत. आडनांवाचा डौल मिरवणारे त्यांची कुळी काय म्हणून सांगणार?

परगणा व कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें खालसा झालीं. भूक मात्र खालसा झाली नाहीं. आज तिचें नांव सातबारा. २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतका हिस्सा मिळाला, आणि तेव्हांपासून आमचे खानदानी बंधु काय करतात? राखी बांधून घेतात, साडीचोळी करतात आणि बहिणीस तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतात. सही न दिली तर माहेर बंद! महाबळेश्वर-पांचगणीकडे जमिनीचा भाव चढला तशी ही घाई तिकडेहि चढली. बांधाच्या हातभर जागेसाठीं सख्खे भाऊ पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, शेत वकिलाच्या फीत जातें, आणि तेच दोघे भाऊ पारावर येऊन खंडोजी खोपड्यास शिव्या देतात!

तेव्हां, शेतकरी बंधूंनो, पुढच्या वेळीं कोणी सोयरिकीच्या बैठकींत तुमचे वाडवडील १६५९ सालीं कोणाकडे होते असें विचारील, तर त्यास उलट विचारा कीं, बाबा, तुझ्या बहिणीची सही तूं कोणत्या सालीं घेतलीस?