दुसरीची वही कोरी का असते?

गेल्या पालकसभेत एका आईने इयत्ता दुसरीची गणिताची वही माझ्यासमोर उघडून ठेवली. जुलै संपत आला होता आणि वहीची जेमतेम सहा पाने भरली होती. ‘‘बाई, आमच्या शेजारचा मुलगा इंग्रजी शाळेत आहे. त्याची दुसरी वही सुरू झाली,’’ त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काळजी होती. मागे बसलेल्या तीन-चार पालकांनीही माना डोलावल्या. पुढे ही गोष्ट विश्वस्त मंडळापर्यंत पोचली. पहिली-दुसरीचा रोजचा पहिला तास, ज्याला आपण ‘हातांचा तास’ म्हणतो, तो बंद करावा आणि त्या वेळेत शुद्धलेखन व पाढे घ्यावेत, अशी सूचना आता मंडळापुढे आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यावर निर्णय व्हायचा आहे. त्याआधी दुसरीची वर्गशिक्षिका या नात्याने माझे म्हणणे मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या आईंची काळजी मला समजते. बडोद्यात राहून मूल मराठी शाळेत घातले की चार नातेवाईक चार गोष्टी ऐकवतातच. अशा वेळी ‘आमचा मुलगा शिकतोय’ हे दाखवायला पालकांच्या हातात वहीखेरीज असते काय? पण वही कोरी असली तरी त्या तासाला वर्गात काय चालते, ते मी एकदा नीट सांगितले पाहिजे. ते आजवर सांगितले नाही, ही माझी चूक.

आमच्या वर्गात एक पत्र्याचा डबा आहे. त्यात खराट्याच्या सारख्या लांबीच्या कापलेल्या काड्या आणि चिंचोके आहेत. दहा काड्या मोजायच्या, रबर लावून जुडी बांधायची. जुडी म्हणजे एक दशक, उरलेल्या त्या सुट्या. ऐकायला फार सोपे वाटते. पण मुलाला ‘पंचवीस लिही’ म्हटले की काय होते पाहा. कानावर आधी ‘पंच’ येते, मग ‘वीस’. मूल ऐकलेल्या क्रमाने आधी ५ लिहिते, मग २, आणि वहीत ५२ उमटतात. इंग्रजीत ‘ट्वेंटी-फाइव्ह’ म्हणताना वीस आधी येतात, तेव्हा ऐकणे आणि लिहिणे एकाच दिशेने चालते. आपल्या मराठीत आणि इथल्या गुजरातीतही सुटे आधी बोलतात आणि दशक नंतर. ही मुलाची मंदबुद्धी नव्हे, आपल्या संख्यानामांची ठेवणच तशी आहे. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आणली आणि त्यावर मोठा वाद झाला, तो अनेकांना आठवत असेल. माझे मत विचाराल तर नाव बदलण्याची गरज नाही. पंचवीस हे पंचवीसच राहू दे. मात्र ते नाव पाठ होण्यापूर्वी मुलाच्या एका हातात दोन जुड्या आणि दुसऱ्या हातात पाच सुट्या काड्या यायला हव्यात. एकदा त्या आल्या की ५२ लिहिणारे मूल स्वतःच थबकते. ‘‘बाई, एवढ्या जुड्या कुठे आहेत माझ्याकडे?’’ असे म्हणून खोडरबर शोधते.

‘एकोण’चेही तसेच. एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे वर्षानुवर्षे मुले नुसती घोकत आली आहेत. या वर्षी एका मुलीने दोन जुड्या आणि नऊ काड्या मांडल्या. शेजारणीची एक काडी हळूच ओढून घेतली आणि ओरडली, ‘‘एक आली की तीसच झाले!’’ मग ‘ऊन’ म्हणजे उणे, एक उणा म्हणून एकोण, हे सांगायला मला अर्धे मिनिटही लागले नाही. आठवडाभराने ८९ वर भांडण जुंपले. वाडीत गुजराती मुलांबरोबर खेळणारा एक मुलगा ठामपणे म्हणाला, ‘‘नेव्यासी.’’ बाकीची म्हणत होती ‘एकोणनव्वद’. गुजराती ऐंशीवर नऊ मोजते, मराठी नव्वदाला एक कमी मोजते. दोन्ही बाजूंनी काड्या मांडल्या. आठ जुड्या, नऊ सुट्या. इकडेही आणि तिकडेही. दोन भाषा आणि एकच संख्या, हे त्या मुलांना त्या दिवशी जेवढे कळले तेवढे माझ्या व्याख्यानाने कळले नसते. त्या दिवशी वहीत काहीही लिहिले गेले नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही बाके मोजली, वितीने. कुणाच्या नऊ विती भरल्या, कुणाच्या साडेआठ, माझ्या सहाच. ‘‘बाईंचे चुकले,’’ असा निकाल लागला. मग कुणी म्हणाले की बाईंचा हात मोठा आहे. मग दोन मुलांनी पंजे एकमेकांना लावून पाहिले, सगळ्यात मोठी वीत कुणाची याची स्पर्धा झाली, आणि अर्धा तास गेल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘मग दुकानदार कापड कुणाच्या वितीने मोजतो?’’ तेव्हा मी कपाटातून मीटरची पट्टी काढली. पट्टी पहिल्याच दिवशी हातात दिली असती तर मुलांनी मोजलेही असते. पण पट्टी असते कशासाठी, हा प्रश्न त्यांना पडलाच नसता.

आता जे सांगते त्याकडे विश्वस्तांनी विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे. आपली शाळा मराठी आहे. आपल्या मुलांचे खेळणे गुजरातीत, टीव्ही हिंदीत, आणि घरचे मराठी बरेचसे ‘जेव, झोप, अभ्यास कर’ एवढ्यावर आलेले. चिमूट, मूठ, ओंजळ, वीत, पाखडणे, निवडणे, सोलणे, मोड येणे हे शब्द पुस्तकातून शिकवता येत नाहीत. मीठ चिमटीत धरल्याशिवाय ‘चिमूटभर’ कळत नाही. मागे एक आजी वर्गात सूप घेऊन आल्या. ‘‘सूप? टोमॅटोचे?’’ असे एकाने विचारले आणि आजींना हसू आवरेना. त्यांनी तांदूळ पाखडून दाखवले, मग मुलांनी पाखडले, निम्मे तांदूळ जमिनीवर गेले. पण फोल, कणी, खडा हे तीन शब्द त्या दिवशी जे रुजले ते अजून मुलांच्या तोंडात आहेत. आणखी एक गंमत सांगते. मी वर्गात ‘रिंगण करून बसा’ म्हटले की दरवर्षी कुणीतरी खुदकन हसते, कारण गुजरातीत रिंगण म्हणजे वांगे. गोल बसून झाले की मग ते वांगे राहत नाही, आपले रिंगण होते. भाषा टिकवायची म्हणून आपण मराठी दिन साजरा करतो, वक्तृत्व स्पर्धा घेतो. ते चांगलेच आहे. पण सात वर्षांच्या मुलाची भाषा हात कामात असताना वाढते, कारण तेव्हा त्याला खरोखर काहीतरी बोलायचे असते.

‘हे सगळे परदेशी खूळ आहे’ असेही सभेत कुणी म्हणाले. मला ते थोडे लागले. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सबंध राज्यात लागू केले, याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच अमरेली भागातल्या चितळ गावी जन्मलेल्या गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. त्यांनी माँटेसोरीबाईंचे विचार घेतले, पण गोष्टी, गाणी, मातीकाम आणि अंगणातली कामे इथलीच ठेवली. आणि तिथे त्यांच्याबरोबर काम केले कुणी? आपल्या ताराबाई मोडक यांनी. राजकोटची नोकरी सोडून त्या भावनगरला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडला नेले. महागडी साधने गरिबाच्या मुलांना कुठून परवडणार, म्हणून त्यांनी बिया, शंख-शिंपले, पाने, खडे अशी परिसरातली साधने वापरली. आमच्या चिंचोक्यांचा डबा हा त्याच घरातला. गुजराती आणि मराठी माणसांनी एकत्र उभे केलेले हे काम बडोद्याच्या मराठी शाळेने परके मानावे, याला काय म्हणावे?

सरकारी कागदही आता हेच सांगतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला, म्हणजे पहिली-दुसरी त्यातच आली. २०२२ च्या आराखड्यात गणितासाठी आधी अनुभव, मग बोलणे, मग चित्र आणि शेवटी चिन्ह असा क्रम दिला आहे. अर्थात कागदावर आले म्हणून ते वर्गात येतेच असे नाही, हे मी पंचवीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे.

आता माझी स्वतःची एक फजिती. तीन वर्षांपूर्वी पाहुणे यायचे म्हणून मी वर्गात ‘भाजीबाजार’ भरवला. टोपल्या सजवल्या, मुलींना नऊवारी नेसवली, ‘ताई, वांगी कशी दिली?’ अशी वाक्ये पाठ करून घेतली. छायाचित्र याच वार्तापत्रात छापून आले. दुसऱ्या दिवशी मी गिऱ्हाईक झालेल्या मुलाला विचारले, ‘‘पस्तीस रुपयांची भाजी घेतलीस, पन्नासाची नोट दिलीस, परत किती मिळाले?’’ तो म्हणाला, ‘‘बाई, ते माझ्या वाक्यात नव्हते.’’ त्या बाजारात कुणी काही विकलेही नव्हते आणि घेतलेही नव्हते. त्यानंतर आम्ही चार-चार मुलांचे गट करून खरोखरच्या खंडेराव मार्केटात जातो, प्रत्येक गटाकडे पन्नास रुपये आणि काय आणायचे त्याची मुलांनीच लिहिलेली यादी. मागच्या वेळी एक गट सुटे पैसे घ्यायलाच विसरला आणि अर्ध्या वाटेवरून परत गेला. भाजीवाल्या मासींनी ते बाजूला काढून ठेवले होते. हा बाजार फोटोत चांगला येत नाही.

म्हणून माझी तक्रार पालकांपेक्षा आम्हा शिक्षकांबद्दल जास्त आहे. कृतीच्या नावाखाली आपण पुष्कळदा देखावा करतो. थर्माकोलची घरे, जी रात्री अकरा वाजता बाबांनी चिकटवलेली असतात, ती कृती नव्हे. असले प्रकल्प बंद करायचे ठरले तर मी पहिली सही करीन.

आणि एक आक्षेप मला मान्य आहे. आमची मुले तिसरीत गेली की त्यांचा लिहिण्याचा वेग कमी पडतो, असे तिसरीच्या बाईंनी मला दोनदा सांगितले. ते खरे आहे. तेव्हा तास बंद न करता असे करावे असे मी सुचवते: आठवड्यातून तीन दिवस त्या तासाची शेवटची पंधरा मिनिटे लिहिण्यासाठी ठेवावीत. फळ्यावरचे उतरवायचे नाही. आज आपण काय केले ते मुलाने स्वतःच्या चार ओळींत लिहायचे, अशुद्ध असले तरी चालेल. मटकीला आज मोड आला की नाही, बाक किती विती भरले, एवढेच. वहीही भरेल आणि तिसरीच्या बाईंचेही काम हलके होईल. दुसरी अडचण माणसांची. अडतीस मुले आणि मी एकटी. काड्या वाटण्यातच दहा मिनिटे जातात. मंडळाने नवी नेमणूक करावी असे मी म्हणत नाही, शाळेची आर्थिक स्थिती मला ठाऊक आहे. पण ज्यांना सवड आहे अशा आजी-आजोबांनी आठवड्यातून एक सकाळ दिली तर पुष्कळ होईल.

निर्णय होण्यापूर्वी विश्वस्तांनी आणि त्या आईंनीही एखाद्या शनिवारी साडेसात वाजता वर्गात यावे. आधी कळवू नये. येताना घरी चिंचोके असतील तर जरूर आणावेत, डबा निम्मा रिकामा झाला आहे. आणि दुसरीतल्या बालमित्रांनो, काड्या घरी नेल्या असतील त्यांनी सोमवारी परत आणा. दोन जुड्या आणि तीन सुट्या कमी भरत आहेत. किती झाल्या, ते येऊन सांगा.