घड्याळ काढता केव्हा?

बुलढाण्याहून मराठवाड्याच्या हद्दीकडे निघाले की धाड लागते. तिथे दवाखाना चालवणाऱ्या एका मित्राकडे अलीकडेच एक सकाळ बसलो होतो. साठी ओलांडलेले एक शेतकरी आले. पहाटे कधीमधी छातीत धडधडते, पाच-दहा मिनिटांत थांबते, अशी तक्रार. मनगटावर स्मार्टवॉच. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने स्वतःचे जुने घड्याळ आणि त्याला जोडलेला जुना फोन, दोन्ही वडिलांना दिलेले. मित्राने फोनमधला महिन्याभराचा नाडीचा आलेख उघडला. दिवसा ठिपक्यांची दाटी, आणि रात्री साडेनऊपासून सकाळी सहापर्यंत पाटी कोरी. एक दिवस नव्हे, रोजच.

"बाबा, घड्याळ काढता केव्हा?"

"झोपतानी. रातभर चार्जिंगले लावतो ना."

धडधड पहाटेची, आणि नेमके त्या वेळी घड्याळ भिंतीवरच्या प्लगला. या अंकात इतर विषय बरेच आहेत, पण संपादकीयाची जागा आम्ही या एका प्रश्नाला देत आहोत. रुग्णाच्या हातातले घड्याळ कोणत्या कंपनीचे, हे आपण सगळेच विचारतो. ते हातातून उतरते केव्हा, हे विचारताना आम्ही तरी फार कोणाला पाहिलेले नाही.

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा काय करतो, ते वाचकांना ठाऊक आहे. रक्त हिरवा प्रकाश शोषते. ठोक्यासरशी त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढते, परतणारा प्रकाश तेवढा कमी होतो आणि त्या चढउतारावरून नाडी मोजली जाते. मात्र हात हलला की हा चढउतार गढूळ होतो. म्हणून अनियमित नाडी शोधणारी यंत्रणा माणूस स्थिर असतानाच कान देते. ॲपलच्या घड्याळात किमान ६५ मिनिटांच्या काळात घेतलेल्या सहा नोंदींपैकी पाच अनियमित निघाल्या, तरच सूचना येते. आता आपल्या या बाबांचा दिवस पाहा. हातात विळा नाहीतर फावडे, नाहीतर मोटारसायकलचे हँडल. दिवसभर त्यांचा हात स्थिर असतोच कधी? दिवसाच्या दाट ठिपक्यांवरून नाडीचा आकडा कळतो, पण ठोक्यांच्या लयीबद्दल फारसे काही हाती लागत नाही. ऐकण्याजोगी वेळ एकच होती, रात्रीची, आणि तीच चार्जरला दिलेली.

होल्टर बांधलेल्या रुग्णाला आपण निक्षून सांगतो की २४ तास हे काढायचे नाही. आंघोळीलाही नाही म्हणतो. घड्याळाच्या बाबतीत मात्र अर्धी नोंद गायब असली तरी आपण आलेखावरून नजर फिरवतो आणि "ठीक दिसतंय" म्हणून मोकळे होतो. स्टॅनफर्डच्या पुढाकाराने झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला ॲपल हार्ट स्टडी इथे आठवावा. ४,१९,२९७ जणांपैकी अनियमित नाडीची सूचना आली ती अवघ्या ०.५२ टक्क्यांना. ज्यांनी नंतर ईसीजीचा पॅच लावून परत पाठवला, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांमध्ये एएफ सापडले. ज्यांना सूचना आली नाही, त्यांना पॅच लावलेच नव्हते. तेव्हा घड्याळ गप्प राहिले म्हणजे हृदय नीट, असा अर्थ त्या अभ्यासातून काढता येत नाही. रात्रभर काढून ठेवलेल्या घड्याळाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

मग चार्जिंग करायचे कधी? मित्राने बाबांना वेळ लिहून दिली, गोळीची देतो तशी: संध्याकाळी शेतातून आल्यावर हातपाय धुतल्यापासून जेवण उरकेपर्यंत. पाऊण-एक तास होतो. रोज तेवढे मिळाले तर बहुतेक घड्याळे रात्र काढतात. शंभर टक्के भरण्याचा हट्ट नको. लिथियमच्या बॅटरीला ८० टक्क्यांवर थांबलेले मानवतेच. शिवाय तो तास मनगटाचाही आहे. पट्ट्याखाली घाम आणि माती साचून नायटा झालेले रुग्ण आपण पाहतो. तेवढ्या वेळात कातडी धुऊन कोरडी होते.

पण पुस्तकी वेळ गावात टिकत नाही, हेही तिथेच कळले. गावठाणात राहणाऱ्याचे एक, मळ्यात राहणाऱ्याचे दुसरे. शेतीची थ्री-फेज वीज कधी दिवसाच्या पाळीत, कधी रात्रीच्या. हरभऱ्याला ओलीत करायचे असेल तर माणूस रात्री बारालाही मोटर चालू करायला उठतो. अशा रात्रीनंतर घड्याळ सकाळी 'झोप खराब' असा शेरा देते आणि रुग्ण तो शेरा घेऊन आपल्याकडे येतो. त्यावर झोपेची गोळी लिहिण्याआधी लाईन कोणत्या पाळीत होती, ते विचारावे. उन्हाळ्यात आणखी एक अडचण. ॲपल आपल्या नेहमीच्या घड्याळांसाठी ० ते ३५ अंशांची मर्यादा सांगते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीतला पारा त्याच्या कितीतरी वर असतो. चार्जिंग पत्र्याखाली किंवा खिडकीतल्या उन्हात नको, सावलीतल्या थंड भिंतीपाशी हवे. आणि चार्जर हरवला तर फोनचा चालत नाही. प्रत्येक कंपनीची चुंबकी चकती वेगळी, ती पुण्याहून येईपर्यंत घड्याळ कपाटात पडून राहते.

घालण्याची तऱ्हाही पाहावी. बायकांच्या मनगटावर बांगड्या असतात, मग घड्याळ त्यांच्यावर चढते नाहीतर खाली लोंबते. पुरुष जुन्या चावीच्या घड्याळासारखे सैल बांधतात. ते मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, हलणार नाही इतपत घट्ट हवे. स्वस्त घड्याळाबद्दल शंका असेल तर बँडेजच्या गुंडाळीवर बांधून पाहा. तिथेही नाडी दाखवली, तर रुग्णाला तिथल्या तिथे दाखवा.

बाकीच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. सॅमसंगच्या घड्याळातला रक्तदाब दर २८ दिवसांनी पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यावा लागतो. ते केले नसेल तर तो आकडा केसपेपरवर उतरवू नका. सुई न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या वापरू नका, असे अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावले आहे. अशा आकड्यावर कोणी इन्सुलिन कमीजास्त करत असेल तर त्याला आजच थांबवा. काळ्या कातडीच्या रुग्णांत ऑक्सिजनची कमतरता बोटाच्या ऑक्सिमीटरकडूनही जास्त वेळा निसटते, हे २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आले होते. तेव्हा सावळ्या, उन्हात रापलेल्या मनगटावरच्या ९७ ने धीर येऊ देऊ नये. धाप दिसत असेल तर धापेवर विश्वास ठेवावा.

बाबांनी संध्याकाळची वेळ पाळली. दुसऱ्या आठवड्यात पहाटे पावणेपाचला अनियमित नाडीची सूचना आली. दवाखान्यात काढलेला बारा लीडचा ईसीजी मात्र नॉर्मल निघाला. होल्टरसाठी छत्रपती संभाजीनगरला जायचे ठरले आहे, आणि ते झाल्याशिवाय रक्त पातळ करणारे औषध द्यायचे नाही, असे मित्राचे म्हणणे आहे. आम्हालाही ते पटते. त्याच्या केसपेपरवर नाडी आणि रक्तदाबाच्या खाली आता एक ओळ वाढली आहे: 'चार्जिंग: केव्हा?' बाबांच्या कागदावर त्यापुढे 'संध्या. ७ ते ८' असे पेनाने लिहिलेले होते, आणि त्यावर काट मारलेली होती. पुढच्या आठवड्यापासून लाईन रात्रीची.