वरातीमागून गवत

माझ्या फोनमध्ये एक रील आहे, मुद्दाम डिलीट न केलेलं. मागच्या मे महिन्यात गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर मावसभावाचं लग्न होतं. नवरदेव घोडीवर, पुढे नाशिक ढोल, आणि मी घोडीला पेढा भरवतोय. एक, दुसरा, तिसरा. मग कुणी बुंदीचा लाडू पुढे केला, कुणी पाव आणले. सगळे हसतायत. खाली मी लिहिलं होतं, 'आजची खरी पाहुणी हीच!'

रात्री अकराच्या सुमारास ती पाहुणी मांडवामागे खुरांनी जमीन उकरत होती. मान वळवून सारखी स्वतःच्या पोटाकडे बघायची. खाली बसली, लोळली, उठली, परत लोळली. घोडीवाले काका तिला दोरीला धरून गोल गोल फिरवत होते. डॉक्टर पहाटे आले. पोटशूळ. ती वाचली, पण उरलेल्या सीझनच्या सगळ्या सुपाऱ्या काकांना सोडाव्या लागल्या.

मी विचारलं, "काका, दिवसभरात तिनं काय खाल्लं होतं?"

"सकाळी चंदी दिली होती. गवत कुठं टाकू दादा? घाण होते म्हणून गेटवरच अडवतात."

त्रास पेढ्यांनी झाला की दिवसभराच्या उपाशीपणानं, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण दोन्ही गोष्टी तिला आम्हीच दिल्या होत्या.

म्हणून आज भांडायचंय ते घोडीवाल्याशी नाही. तुमच्याशी आणि माझ्याशी. आपण घोड्याला आपली हौस खायला घालतो. त्याला लागतं गवत.

हे समजायला पशुवैद्य व्हायची गरज नाही. मोकळ्या रानात घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरतो. त्याचं जठर शरीराच्या मानानं अगदीच लहान, आठ-पंधरा लिटरचं. त्यात आम्ल चोवीस तास पाझरत असतं. ते शांत करणारी लाळ मात्र घोडा चावत असतो तेव्हाच सुटते. म्हणजे सहा-सात तास तोंड रिकामं ठेवलं, की आम्ल जठरालाच जाळायला लागतं. अशा पोटात एकदम गोड, पिठाळ माल ओतला, तर सगळा पचत नाही. उरलेला मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, गॅस धरतो, पोट फुगतं. कधी हेच दुखणं खुरांत उतरतं आणि घोडा कायमचा लंगडा होतो. त्यातून घोड्याला उलटी होत नाही. आपल्याला जास्त झालं तर बाहेर पडतं, त्याचं आतच राहतं.

"आम्ही पोळ्याला बैलांना पुरणपोळी घालतो की!" हे मला घरातच ऐकवलं गेलं. पण बैल रवंथ करतो, घोडा करत नाही. आणि जास्त पुरण खाऊन आंबोण धरलेले बैलही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येतातच.

हरभरा, चंदी, गूळ वाईट आहे असं मी म्हणत नाही. राबणाऱ्या घोड्याला दाणा लागतो. पण दाणा ही भर आहे, जेवण नव्हे. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा-सात किलो सुकं गवत आणि पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं. मे महिन्याच्या उन्हात पाणी आणखी जास्त. काम नसलेल्या दिवसांतही भरपूर दाणा द्यायचा आणि मग एकदम वरातीला जुंपायचं, यानंही घोड्याचे स्नायू आखडतात आणि तो जागेवरच खिळतो. लग्नाचा सीझन नेमका असाच असतो: चार दिवस नुसतं उभं राहायचं आणि पाचव्या दिवशी तीन वराती.

दर १९ फेब्रुवारीला आपल्या सगळ्यांच्या स्टेटसला घोड्यावरचे महाराज असतात. त्याच महाराजांचं एक पत्र आहे, मे १६७४ चं. राज्याभिषेक महिन्यावर आला होता आणि महाराज चिपळूणजवळच्या आपल्या लष्कराला दाणा-वैरणीबद्दल बजावत होते. आज बेपर्वाईनं उधळाल, तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, उपास पडतील, घोडी मरतील; आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असा त्याचा मतितार्थ. घोडा उपाशी मेला तर दोष नशिबाचा नाही, सांभाळणाऱ्याचा. आपण फोटोतला घोडा घेतला आणि पत्रातलं गवत विसरलो.

आता दोन आक्षेप. पहिला: "घोडीवाल्याचं काम आहे ते, त्यानं बघावं." बघेल. पण भाड्यावरून घासाघीस करून हजार रुपये कापणारे आपणच आणि गेटवर गवत अडवलं जातं तेव्हा गप्प बसणारेही आपणच. ते हजार रुपये शेवटी कुणाच्या तोबऱ्यातून कापले जातात?

दुसरा: "मग घोड्यांवर बंदीच आणा." मुंबईत २०१५ साली उच्च न्यायालयानं व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या. बंदीवर जरूर वाद घालू. पण निकाल काहीही लागो, घोडा दुसऱ्या दिवशी सकाळी भुकेला असतोच. गाडी बंद झाली म्हणून पोट बंद होत नाही.

कायदाही आहे. पुरेसं अन्न-पाणी न देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला दहा ते पन्नास रुपये. माझे पेढे त्याहून महाग होते. म्हणजे कायद्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

म्हणून पुढच्या लग्नात घोडी ठरवाल तेव्हा रंग आणि साज विचारून झाल्यावर तीन गोष्टी आणखी विचारा. आज आमच्याआधी हिच्या किती वराती आहेत? गवत बरोबर आणणार का, की आम्ही आणून ठेवू? ती सावलीत कुठं उभी राहील? लॉन्सवाल्याला आधीच सांगा की मांडवामागे गवताच्या दोन पेंढ्या आणि पाण्याची मोठी बादली असेल. लीद उचलायला एक माणूस ठेवा. फटाक्यांच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

डिसेंबरात चुलतबहिणीच्या लग्नात मी हे केलं. घोडीनं तासभर मान वर केली नाही, नुसती कराकरा चावत राहिली. एक छोटा भाचा लाडू घेऊन धावत आला. मी त्याच्या हातातला लाडू काढून घेतला आणि मूठभर गवत दिलं. तो हिरमुसला. व्हिडिओ कुणीच काढला नाही.