वारस म्हणविणाऱ्यांनी आधी ऋण फेडावे

गेल्या कार्तिकात नंदगडच्या एका देवळात दीपोत्सवाच्या रात्री आम्ही सभामंडपात बसलो होतो. आरतीस अवकाश होता. खांबापाशी बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा हातात धरून खेळावयाचा जुना व्हिडिओ गेम घेऊन बसला होता. गेम त्याच्या मामाचा. मामाने जपून वापरून भाच्यास दिलेला. पडदा काळा होता. पाठीमागची बॅटरी फुगून झाकण उचलले गेले होते. मुलाच्या वडिलांनी तो बेळगावास एका दुकानी नेला, तेव्हा उत्तर मिळाले की, याच्या पुढचे यंत्र निघाले आणि तेही बंद झाले. आता याला कोणी हात लावीत नाही. पोराला मोबाईल द्या आणि मोकळे व्हा. शेजारी वाती वळीत बसलेल्या वृद्ध बाईंनी एवढेच विचारले, "नवें आयलें म्हूण पोरनें उडोवपाचें?"

हा प्रश्न त्या बाईंचा असला तरी तो आज आम्ही आपला म्हणून वाचकांपुढे मांडीत आहो. देवळाच्या मासिकात खेळण्याची चर्चा कशाला, असे कोणास वाटेल. परंतु प्रश्न खेळण्याचा नाही, वारशाचा आहे. आणि वारसा म्हणजे काय, हे देवळांभोवती वाढलेल्या समाजाने सांगावयाचे नाही तर कोणी सांगावयाचे?

व्यापाऱ्यांची रीत अशी की, नवे यंत्र बाजारात आणताना त्यास जुन्याचा 'उत्तराधिकारी' म्हणावयाचे. शब्द मोठा आहे. नंदगडास तर या शब्दाचे मोल कोणी शिकवावयास नको. कित्तूरच्या दत्तक वारसाचा, शिवलिंगप्पाचा, हक्क इंग्रजांनी नाकारला. त्या हक्कासाठी संगोळ्ळी रायण्णाने शस्त्र धरले आणि २६ जानेवारी १८३१ रोजी याच नंदगडच्या भूमीवर तो फासावर गेला. वारस हा शब्द जेथे प्राण देऊन तोलला गेला, तेथे तो जाहिरातीच्या फलकावरून फुकट स्वीकारता येणार नाही.

आपल्याकडे वारस कोणास म्हणतात? जो बापाची मालमत्ता घेतो त्यास, हे अर्धेच उत्तर झाले. जो बापाचे ऋण फेडतो, त्याने दिलेला शब्द पाळतो, त्याच्या आश्रितांस वाऱ्यावर सोडीत नाही आणि वर्षातून एकदा तरी त्याच्या नावाने पाणी सोडतो, तो वारस. मालमत्ता घेऊन ऋण नाकारणाऱ्यास आपल्या समाजात निराळे नाव आहे. ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

आता ही कसोटी लावून पाहू. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा गेम बॉय १९८९ साली निघाला. त्याचा पडदा रंगहीन होता आणि तो चार साध्या सेलांवर चाले. त्याच्याशी स्पर्धा करणारी अटारीची आणि सेगाची यंत्रे रंगीत होती, दिमाखदार होती. परंतु ती महाग होती आणि सेल भराभर खात. गेम बॉयचे जनक गुनपेई योकोई यांची धारणाच अशी होती की, जुने झालेले, स्वस्त झालेले, खोडी कळून चुकलेले तंत्र कल्पकतेने वापरावे. परिणाम असा की, त्या साध्या यंत्राच्या, त्याच्या रंगीत भावंडासह, ११ कोटी ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. नवे ते सरस, हा सिद्धान्त त्याच धंद्यात, त्याच काळात, खोटा ठरला होता.

पुढे २००१ साली गेम बॉय अॅडव्हान्स आला. त्याने आपल्या बापाचे ऋण मान्य केले. १९८९ साली घेतलेली 'कॅसेट' त्यातही चाले. २००४ साली डीएस आले. त्यात अॅडव्हान्सच्या कॅसेटी चालत, पण आजोबांच्या चालत नसत. २००८ साली त्याच डीएसचा जो नवा अवतार निघाला, त्यातून बापाच्या कॅसेटीची खाचही काढून टाकण्यात आली. एका घराण्यात तीन पिढ्यांत ऋण कसे बुडाले, त्याची ही वंशावळ आहे.

सोनी कंपनीची कथा याहून बोधप्रद आहे. तिचे पीएसपी २००४ च्या डिसेंबरात जपानात निघाले आणि साडेसात कोटींहून अधिक विकले गेले. भारतातही ते राजरोस दुकानांत मिळे; इतकेच नव्हे तर कबड्डी, विटीदांडू, पतंग आणि गोट्या असे आपले देशी खेळ त्यासाठी हैदराबादच्या कारागिरांनी २००९ साली तयार केले होते. या यंत्राचे खेळ लहान चकत्यांवर येत. २०११ च्या डिसेंबरात त्याचा उत्तराधिकारी म्हणून व्हिटा आले. ते दिसावयास देखणे, बळाने दांडगे. पण त्यात त्या चकत्या घालण्यास जागाच नव्हती! ज्याने पदरमोड करून वीस-पंचवीस चकत्या जमविल्या होत्या, त्याच्या हाती नव्या यंत्रापुढे काचेचे तुकडे राहिले. चकती दाखवून, वर काही पैसे भरून, तोच खेळ नव्या यंत्रावर घेण्याची एक योजना जपानात निघाली. अमेरिका-युरोपातील ग्राहकांसही ती मिळाली नाही, मग खानापूर तालुक्याची गोष्टच कशाला? आणि हा उत्तराधिकारी तरी किती जगला? खपात तो बापाच्या जवळपासही पोहोचला नाही आणि २०१९ साली त्याचे उत्पादन थांबले. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असे आपल्याकडे म्हणतात. या वारसाने बाप दाखविला नाही आणि श्राद्धही केले नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. कोणी म्हणेल, काळापुढे इलाज नाही. जुने जाते आणि नवे येते, हा निसर्गनियम आहे. हे म्हणणे ऐकावयास वेदान्तासारखे वाटते, परंतु त्यात एक लबाडी दडली आहे. पिकले पान गळते, हा निसर्गनियम. हिरव्या पानाचा देठ खुडून 'पाहा, गळले' म्हणणे हा निसर्गनियम नव्हे. पीएसपीवरून खेळ विकत घेण्याची सोय २ जुलै २०२१ रोजी बंद करण्यात आली. व्हिटाचे दुकानही त्याच वर्षी बंद होणार, असे जाहीर झाले होते. ग्राहकांनी ओरड केली, तेव्हा महिन्याभरात तो निर्णय मागे घेतला गेला. म्हणजे काय? ओरड होताच जो बदलतो, तो निसर्गनियम कसला? निन्टेन्डोने थ्रीडीएसचे दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद केले. ज्या यंत्राच्या साडेसात कोटींहून अधिक प्रती लोकांच्या घरांत होत्या, त्यासाठी नवा खेळ त्या दुकानातून घेता येईना. हे मृत्यू नव्हेत. या आज्ञा आहेत. त्यांवर तारखा आहेत.

त्याचे फळ काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. व्हिडिओ खेळांचा इतिहास जपणाऱ्या एका अमेरिकन संस्थेने २०२३ साली पाहणी करून दाखविले की, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी शंभरातील ८७ आज बाजारात विकत मिळत नाहीत. पोथ्यांच्या बाबतीत असे घडले असते तर आपण त्यास ग्रंथदाह म्हटले असते.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्याचा. तो म्हणेल, एकच यंत्र आम्ही किती वर्षे करावे? सुटे भाग किती काळ ठेवावेत? यात तथ्य आहे आणि ते आम्ही मान्य करतो. कोणत्याही कंपनीने पन्नास वर्षे एकच माल काढावा, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे त्याहून पुष्कळ लहान आहे. पैसे देऊन घेतलेला खेळ नव्या यंत्रावर चालेल, एवढी सोय ठेवा. ती ठेवता येते, हे २०२५ साली आलेल्या स्विच-२ नेच सिद्ध केले. त्यावर आधीच्या स्विचचे बहुतेक खेळ चालतात. ते जमत नसेल तर बॅटरी आणि सुटे भाग कोणासही करू द्या, दुरुस्तीची माहिती उघड करा. आपल्या केंद्र सरकारने २०२२ साली 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेर त्यासाठी संकेतस्थळही उघडले. दार किलकिले झाले आहे. ते ढकलावयाचे कोणी, एवढाच प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप आपल्याच मंडळींचा. म्हणून अधिक महत्त्वाचा. ते म्हणतील, बरे झाले, ब्याद गेली! पोरे चार श्लोक पाठ करतील. आम्हांस हे ऐकून हसावे की रडावे, कळत नाही. ब्याद गेली कोठे? त्या काळ्या पडद्याच्या यंत्राचा खरा उत्तराधिकारी व्हिटा नव्हेच. तो आपणां प्रत्येकाच्या खिशात आहे. जुना गेम एकदा विकत घेतला की पुरा घेतला जाई. त्यास आरंभ असे आणि शेवट असे. तो खेळणाऱ्याकडे रोज पैसे मागत नसे, मध्येच जाहिरात दाखवीत नसे, रात्री एक वाजता हाक मारून उठवीत नसे. सेल संपला की मूल आपोआप जेवावयास येई. मोबाईलवरील खेळ फुकट म्हणून शिरतो आणि मग घरात उधारी मांडतो. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेस करावा लागला, तो हौसेने नव्हे. दुकानदार जेव्हा 'पोराला मोबाईल द्या' म्हणतो, तेव्हा तो विटीदांडू काढून घेऊन पोराच्या हाती फासे देत असतो. हे ज्यास कळत नाही, त्याने आपल्या श्लोकप्रेमाचा डांगोरा पिटू नये.

परंतु परक्याकडे बोट दाखवून आमचा लेख संपत नाही. हातात धरावयाचा एक खेळ आपल्याही घरात होता आणि त्याचे आपण काय केले? सावंतवाडीचे चितारी गंजिफा रंगवीत. दशावतारी गंजिफेची १२० गोल पाने. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. दिवसा रामाच्या राजाने डाव उघडावा, रात्री कृष्णाच्या. काही रंगांत दहाचे पान वरचढ, काहींत एक्का. मूल खेळता खेळता दहा अवतार आणि त्यांची आयुधे शिकून जाई. हा खेळ मूळचा आपला नव्हे. बाबराने १५२७ साली सिंधेत गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. म्हणजे तोही एके काळी 'नवा'च होता; पण आपल्या पूर्वजांनी नवे घेताना त्यात आपला देव बसविला. मग छापील बावन्न पानांचा स्वस्त जोड आला आणि आपण दशावतार माळ्यावर टाकले. कोणत्या कंपनीने आपणांस आज्ञा केली होती? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीच्या राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, या कलेस हात दिला नसता तर आज ती संग्रहालयाच्या काचेआडच दिसली असती.

आणि लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. ज्या निन्टेन्डोने गेम बॉयची वंशावळ तोडली, ती कंपनी १८८९ साली क्योतो शहरात निघाली ती यंत्रे करण्यासाठी नव्हे. हानाफुदा नावाचे जपानी फुलांचे पत्ते करण्यासाठी. ते पत्ते ती आजही छापते आणि विकते! एवढी यंत्रे निघाली आणि बंद झाली, पण आजोबांचे पत्ते त्या घरात अजून आहेत. जपता येते, हे त्यांस ठाऊक आहे. आपले ते जपावे आणि गिऱ्हाइकाचे तोडावे, एवढाच त्यांचा दोष. आपण मात्र आपलेच तोडले.

आपणांस जीर्णोद्धार हा शब्द ठाऊक आहे. जीर्णाचा उद्धार, जीर्णाचा नाश नव्हे. तरी आज आपण काय करतो? लाकडी कोरीव खांब उतरवितो, चिऱ्याचा चौथरा फोडतो, सिमेंटचा मंडप उठवितो आणि पाटीवर 'जीर्णोद्धार' लिहितो. त्या दुकानदाराने गेमचे जे केले, तेच आपण मंडपाचे करतो. मग त्याच्यावर कोणत्या तोंडाने रागवावे?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला तालुका मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कागदावर उत्तराधिकारी आला. परंतु आपण मराठी बोलणे सोडले नाही, घरातली कोंकणी सोडली नाही, शेजाऱ्याची कन्नडही परकी मानली नाही. म्हणून या भाषा आजही या मंडपात एकमेकींशेजारी बसतात. उत्तराधिकारी आला की पूर्वीचे संपतेच, असे ज्यांस वाटते त्यांनी नंदगडच्या बाजारात एक फेरी मारावी. वापरात असलेली वस्तू कोणाच्या आज्ञेने मरत नाही.

म्हणून आमचे मागणे दोन ठिकाणी आहे. व्यापाऱ्यांस आमचे सांगणे की, उत्तराधिकारी हा शब्द वापरावयाचा तर आधीचे ऋण फेडा. नाहीतर नुसते 'नवे यंत्र' म्हणा, आम्ही रागावणार नाही. आणि आपल्या समाजास विनंती की, प्रत्येक देवळाच्या वाचनालयात एक कपाट खेळांसाठी राखावे. त्यात सावंतवाडीहून मागविलेला दशावतारी गंजिफेचा एक जोड असावा, सोंगट्यांचा पट असावा आणि घरोघरी पडून असलेले जुने गेमही असावेत. समाजात विजेच्या कामात शिकलेली तरुण मुले आहेत. जत्रेच्या दिवसांत त्यांनी एक बाक टाकून बसावे. फुगलेली बॅटरी काळजीने काढून योग्य ठिकाणी द्यावी, मिळते त्या मापाची दुसरी घालावी आणि लहानांस ते करताना पाहू द्यावे. यास फार पैसा लागत नाही. लाज सोडावी लागते, एवढेच.

त्या रात्री आरती झाली, प्रसाद झाला. मुलाने तो गेम पुन्हा कापडात गुंडाळून खिशात ठेवला, टाकला नाही. मामाने दिलेली वस्तू आहे, असे तो म्हणाला. वारस कोणास म्हणावे, हे त्या एकट्यास त्या मंडपात बरोबर कळले होते.