वजनकाट्याला स्नायू दिसत नाहीत

पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत १९९३ साली केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या नवजात बाळांचं सरासरी वजन साडेतीन किलो भरत होतं, इथल्या बाळांचं २.७. मात्र या हडकुळ्या बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या प्रमाणात घटलेली नव्हती. तूट होती ती स्नायूंत. पुढे २००४ मध्ये याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं. दोघांचाही बीएमआय २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

इतकं सगळं आपल्या दारात सिद्ध होऊनही मधुमेहाच्या तपासणीत आजही वजन, कंबरेचा घेर आणि साखर एवढंच पाहिलं जातं. स्नायूंची कुणी विचारपूस करत नाही. ही उपेक्षा महागात पडते आहे.

कारण स्नायू केवळ हालचालीसाठी नसतात. इन्सुलिनच्या हुकमाने रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेचं सर्वांत मोठं गोदाम तेच आहेत. इन्सुलिनचा निरोप पेशीत पोचला की एकेटी नावाची प्रथिनं जागी होतात. त्यांच्यामुळे साखर आत घेणारे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि एमटॉर या प्रथिनामार्फत स्नायूंची नवी प्रथिनं घडवण्याचं कामही सुरू होतं. साखर जिरवणं आणि स्नायू वाढवणं या दोन्ही कामांची सूत्रं अशी एकाच मार्गावर आहेत.

या वाढीचा परिणाम स्नायूंपुरता राहतो का? बोस्टन विद्यापीठातल्या केनेथ वॉल्श यांच्या गटाने २००८ मध्ये याचं उत्तर दिलं. चरबी आणि साखरेच्या आहारावर लठ्ठ झालेल्या उंदरांच्या फक्त स्नायूंमध्ये त्यांनी एकेटी-१ चालू केलं. स्नायू वाढले, तशी अंगावरची चरबी उतरली आणि यकृतात साठलेली चरबीही ओसरली. यकृताला कुणी हात लावला नव्हता, तरी ते जास्त चरबी जाळू लागलं.

म्हणून हा संकेत औषधाने कायमचा चालू ठेवावा, असं मात्र नाही. अनेक कर्करोगांत हाच मार्ग बेलगाम झालेला असतो. शरीराची स्वतःची रीत अधिक सुरक्षित आहे: स्नायूवर भार द्यायचा, मग त्याला विश्रांती आणि पुरेशी प्रथिनं द्यायची. शिवाय आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत ओढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना चालण्यासारख्या व्यायामाच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगतात. आपल्याकडे मधुमेह्याला मिळणारा सल्ला बहुधा ‘रोज चाला’ इथेच संपतो.

वजन घटवणारी इंजेक्शनं भारतात आल्यापासून हा प्रश्न आणखी तातडीचा झाला आहे. त्यांपैकीच एक असलेल्या सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत ज्यांची शरीररचना मोजली गेली, त्यांच्या घटलेल्या वजनात सुमारे ४० टक्के वाटा चरबीचा नव्हताच. तो सगळाच स्नायूंचा नसतो, हे खरं. तरीही मुळात स्नायू कमी असलेल्या भारतीय माणसाला ही घट परवडणारी नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत.

तेव्हा मागणी साधी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाच्या हाताच्या पकडीची ताकद मोजली जावी. त्यासाठीचं उपकरण छोटं आहे आणि मोजायला काही मिनिटं पुरतात. इंजेक्शन लिहून देताना त्याच कागदावर प्रथिनांचं प्रमाण आणि वजन उचलण्याचे किंवा उठाबशांसारखे व्यायाम लिहिले जावेत आणि पुढच्या भेटीत साखरेइतक्याच आस्थेने त्यांची चौकशी व्हावी.