नत्राचा प्रश्न आणि धानाची बांधी

शेतीतील नत्राचा प्रश्न हा निव्वळ रसायनशास्त्राचा आहे, ही समजूत रूढ करण्यात खतकारखानदार आणि सरकारी तज्ज्ञ या दोघांनाही यश आले आहे. वस्तुतः तो मालकीचा प्रश्न आहे. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्राचा. त्यावर कोणाचीही मक्तेदारी नाही. ते पिकाच्या मुखी घालण्याचे मार्ग मुख्यतः दोन. एक, १९१३ साली जर्मनीत ओप्पाऊ येथे सुरू झालेली आणि आज बहुतांशी नैसर्गिक वायूवर चालणारी कारखानदारी. दुसरा, द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू. पहिल्याला अनुदान आहे, दुसऱ्याला वाली नाही.

भंडारा जिल्ह्यात उभ्या धानात लाखोरी फेकावी आणि कापणीनंतर उरलेल्या ओलीवर ती वाढवावी, ही जुनी रीत. तिला नांगरट नको, ओलीत नको, खताची गोणीही नको. ज्याच्या बांधीला पाण्याची सोय नाही, त्या अल्पभूधारकाचे रब्बी पीक, बैलांचा चारा आणि जमिनीचे नत्र या तिन्हींची तरतूद तीच करते.

लाखोरीत विषारी द्रव्य असते आणि तिच्यावरच पोट भरावे लागले तर पाय कायमचे लुळे पडतात, हा आक्षेप खरा आहे. रीवा भागात वेठबिगारांना हेच धान्य मजुरी म्हणून दिले जाई. रोगाच्या मुळाशी दाण्याइतकेच दास्य होते. १९६१ मध्ये विक्रीबंदीचा केंद्रीय नियम आला. परंतु पुढे रायपूरच्या कृषी विद्यापीठाने 'प्रतीक' (१९९९) आणि 'महातिवडा' हे अल्पविषारी वाण काढले. जे बंदीला साधले नाही, ते पैदाशीने साधण्याचा मार्ग दाखवला.

मग नत्राच्या बाबतीत तीच पैदास का होऊ नये? घेवड्याचे, म्हणजे राजम्याचे, उदाहरण बोलके आहे. द्विदल असूनही त्याच्या गाठी अपुऱ्या पडतात. हरभऱ्याला हेक्टरी २० ते २५ किलो नत्र पुरे मानतात, तर राजम्याला शंभर किलोंच्या घरात शिफारस होते. कोलंबियातील काली येथील आंतरराष्ट्रीय केंद्रात निकृष्ट जमिनीतही तगणारे घेवड्याचे वाण निवडण्याचे काम दीर्घकाळ चालले आहे. म्हणजे हा दोष अटळ नव्हे. तो निवडीचा विषय आहे.

येथेच आपल्या संशोधनाची खोड उघडी पडते. जमिनीत तयार नत्र भरपूर असले की द्विदल झाड गाठी धरण्यात कसूर करते. खत ओतलेल्या प्रयोगक्षेत्रात वाणांची परीक्षा घेतली, तर स्वतःचे नत्र स्वतः मिळवणारे झाड आणि आयते खाणारे झाड यांत फरकच दिसत नाही. निवड होते ती आयतखाऊची. असा वाण विनाखताच्या बांधीत गेला की पडतो, आणि दोष शेतकऱ्याच्या माथी येतो.

युरियाची ४५ किलोंची गोणी कर व कडुनिंब-लेपाचा खर्च वगळता २४२ रुपयांना मिळते, मग ही यातायात कशाला, असे विचारले जाते. गोणी स्वस्त नाही. तिची उरलेली किंमत सरकारी तिजोरी भरते. शिवाय धानाच्या चिखलात टाकलेल्या नत्राचा निम्म्याहून अधिक भाग पिकाला सहसा लागत नाही. ही गळतीही अनुदानावरच पोसली जाते.

खासगी कंपनी या कामाला हात घालेल, ही आशा भाबडी आहे. घेवडा स्वपरागित, त्याचे बी शेतकरी घरीच राखू शकतो आणि २००१ च्या कायद्याने तो त्याचा हक्कही आहे. जे बियाणे दरवर्षी विकता येत नाही, त्यात नफा नाही. म्हणूनच ते सार्वजनिक संस्थेचे कर्तव्य ठरते.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे साकोली येथील केंद्र धानाचे वाण देत आले आहे. तेथेच विनानत्राच्या बांध्या राखून लाखोरी, हरभरा व घेवडा यांची निवड व्हावी, अल्पभूधारकांना परीक्षक म्हणून बसवावे आणि निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध करावेत, ही मागणी कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून लावून धरली पाहिजे. खताच्या रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आणखी एक गोणी मिळवून देणे हे मदतकार्य झाले. ती रांगच अनावश्यक करणे हे राजकारण होय.